क्लीव्हलंडमधली सहा युनिटची जुनी बिल्डिंग घेतली, दुरुस्त केली, विकली

अमेरिकेत पडझड झालेली भाड्याची बिल्डिंग घेऊन नीट करून विकायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट समजून घ्या. चार युनिटपर्यंत घराचं लोन मिळतं आणि किंमत मुख्यतः आजूबाजूला विकल्या गेलेल्या घरांवरून काढतात, पण पाच युनिट झाली की ती कमर्शियल धरतात, मग बँक आणि पुढचं गिऱ्हाईक दोघंही बघतात ते फक्त खर्च जाऊन वर्षाला किती उरतं. मी १९२० च्या दशकातली विटांची बिल्डिंग घेतली, सहा युनिट, आणि पहिल्या दिवशी किचनच्या टाइल्स बघत बसलो.

हिशोब सोपा आहे. सहाही युनिटचं भाडं महिन्याला १०० डॉलरने वाढलं तर वर्षाचे ७,२०० होतात, आणि त्या भागात ८ टक्के कॅप रेट (खर्च जाऊन वर्षाला उरणारी रक्कम किमतीच्या किती टक्के, ते) धरत असतील तर किंमत ९०,००० डॉलरने वाढते. खर्च तेवढा कमी केला तरी तेच. आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच बॉयलर, गॅसचं बिल मालकाकडे, आणि वरच्या मजल्यावरचे लोक ऐन जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवायचे कारण रेडिएटरचा व्हॉल्व्ह जाम झालेला, बंदच होत नव्हता! व्हॉल्व्ह बदलले, रात्रंदिवस वाहणारे दोन फ्लश दुरुस्त केले, पैसे खरे तिथे वाचले, टाइल्समध्ये नाही.

विकणाऱ्याने दिलेल्या रेंट रोलवर, म्हणजे कुठल्या युनिटचं किती भाडं येतं त्या यादीवर, जाऊ नका. क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण व्हायच्या) आधी प्रत्येक भाडेकरूकडून एस्टॉपेल सर्टिफिकेट, म्हणजे भाडेकराराची खरी स्थिती सांगणारा फॉर्म, सही करून घ्या, त्यात भाडं, डिपॉझिट, थकबाकी सगळं येतं. एका युनिटसमोर ८५० लिहिलं होतं, तिथल्या आजींनी फॉर्मवर ७०० लिहिलं. विचारलं तर म्हणाल्या, जिना मीच झाडते ना, म्हणून १५० सूट, तोंडीच ठरलंय. त्या एका ओळीने किंमत २२,५०० डॉलरने फुगवली होती. ते कापून घेतलं, आणि आजींची सूट मी विकेपर्यंत तशीच ठेवली, जिना खरंच स्वच्छ असायचा.

बाकी ड्रेनमध्ये कॅमेरा घालायलाच लावा. आमचा बिडाचा पाइप खालच्या बाजूने लांबच्या लांब चिरलेला निघाला, वरून बघितलं तर ठणठणीत. आणि १९७८ च्या आधीचं बांधकाम म्हणजे शिशाचा रंग असणार असं धरूनच चला, सर्टिफाइड कॉन्ट्रॅक्टर लावा, मुलं राहतात तिथे, ह्यात अजिबात काटकसर नको.

विकताना घेणाऱ्याचा इन्स्पेक्टर थेट बेसमेंटमध्ये उतरला, मी त्याला नव्या ड्रेनचा व्हिडिओ, बॉयलरची बिलं आणि सहा सही केलेली एस्टॉपेल्स एकाच फाइलमध्ये दिली. भावात घासाघीस झालीच नाही.