ग्लोरिया गेनॉरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' कराओकेला बसवताय? मग आधी हे वाचा

आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात कराओके ग्रुप भरपूर झालेत आणि महिला दिन जवळ आला की कोणीतरी हे गाणं काढतंच. पण बहुतेक जणी पहिल्या ओळीपासून इतक्या जोरात सुटतात की अर्ध्यातच दम संपतो. हे गाणं ओरडायचं नाहीये, चढवायचं आहे, आणि ते का हे कळायला ती बाई माहीत असायला हवी.

ग्लोरिया ही डिस्कोची, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या नाचाच्या संगीताची गायिका, १९४३ ची, अमेरिकेत न्यूअर्कची. १९७५ च्या तिच्या अल्बमची एक पूर्ण बाजू तीन गाण्यांची, मध्ये गॅपच नाही, नाचणाऱ्यांनी थांबू नये म्हणून मिक्सिंग करणाऱ्या टॉम मोल्टनने ती सलग जोडली होती. म्हणजे डिस्कोत तिचं नाव आधीपासून होतंच. मग १९७८ मध्ये न्यूयॉर्कला स्टेजवर पडली, पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि हे गाणं तिने पाठीला ब्रेस (आधाराचा पट्टा) लावून रेकॉर्ड केलंय! आई काही वर्षांपूर्वीच गेलेली. आणि ज्याने शब्द लिहिले त्या डिनो फेकारिसची मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतली नोकरी गेली होती, त्यातून हे गाणं सुचलं. त्यामुळे हे फक्त ब्रेकअपचं गाणं म्हणून गाऊ नका प्लीज, ज्याच्यातून तुम्ही स्वतः उभे राहिलात ते मनात धरा, पुरुषांनीही गायला काहीच हरकत नाही.

आता प्रॅक्टिस. आधी इयरफोन लावून नुसतं ऐका. लक्षात येईल की मागे कोरस गाणारं कोणी नाही, सगळं एकटीच्या आवाजावर आहे. आठ कॉर्डची (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे दोन-तीन सूर) एकच साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरते, मुखड्याला वेगळे कॉर्ड, अंतऱ्याला वेगळे असं नाही, स्केलसुद्धा कुठे वर जात नाही. मग चढ येतो कुठून? फक्त गाणाऱ्याकडून. म्हणून पहिलं कडवं अगदी हातचं राखून गायचं, नाहीतर पुढे द्यायला काही उरत नाही.

स्केल ए मायनर, पेटीवर पांढरी सहा सा धरा. ग, ध, नी कोमल, साखळीच्या शेवटच्या कॉर्डमध्ये मात्र शुद्ध नी येतो आणि तोच परत सा कडे ओढून नेतो, क्लासिकल शिकलेल्यांना ही ओढ लगेच जाणवेल. बायकांनी उगाच स्केल वर नेऊ नका, तिचा आवाज खालचा आणि भरदार आहे, तीच मजा आहे. जड जात असेल तर कराओकेच्या अ‍ॅपमध्ये अर्धा-एक सूर इकडेतिकडे करा, बस.

सगळ्यात जास्त गडबड सुरुवातीला होते. पियानोची एक लहर येते आणि ग्लोरिया जवळपास बोलल्यासारखी गाते, ठेका नाहीच, ड्रम नंतर येतात. इथे स्क्रीनवरचे रंगणारे शब्द बघत बसलात तर मागे पडाल, कॉर्ड बदलतोय तो ऐका. ठेका लागला की ११७ बीपीएमच्या (मिनिटाला ११७ ठोके) आसपास वेग आहे आणि शब्द दाट आहेत, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा ते कागदावर चक्क रेघा मारून ठरवा, आणि आठवडाभर ठेक्यात नुसते शब्द बोला, चाल नाही. स्वयंपाक करताना होतं हे आरामात.

आवाज टिकवायचा असेल तर तिच्याकडेच बघा. हे गाणं आधी रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, डीजेंनी ती बाजू उलटून वाजवली आणि मार्च १९७९ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं. त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या स्टेडियममध्ये लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटाने उडवला. १९८० मध्ये तिला बेस्ट डिस्कोचं ग्रॅमी मिळालं आणि ती कॅटेगरी परत कधी दिलीच गेली नाही. ज्या संगीतावर पोट, तेच लोकांना नकोसं झालं, तरी ही गात राहिली, आणि २०२० मध्ये गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांच्या) अल्बमला दुसरं ग्रॅमी, वय ७६! मला तर हे दुसरं ग्रॅमी पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. तेव्हा पन्नाशीनंतर क्लास लावू का विचारणाऱ्या काकूंनी उद्याच लावा.

कार्यक्रमाच्या दिवशी एकच बघा. रेकॉर्डवर हे गाणं संपत नाही, आवाज हळूहळू कमी होत जातो. घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरला असा की सोसायटीच्या हॉलमध्ये, शेवटची ओळ कुठली ते आधीच ठरवा, साउंडवाल्या दादांना ती लिहून द्या, आणि इको कमी ठेवायला सांगा, नाहीतर दाट शब्दांचा नुसता गलका होतो.