स्टीअरिंग रॅक बदलताना आधी स्टीअरिंग बांधा

माझदा एमएक्स-५ या गाडीचा स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा भाग) घरी बदलणार असाल, तर पाना हातात घेण्याआधी चाकं सरळ करा आणि स्टीअरिंग सीटबेल्टने घट्ट बांधून ठेवा. रॅक सुटल्यावर ते मोकळं गरगर फिरलं, तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंगमधली गुंडाळलेली वायर) तुटू शकते. हा खर्च निव्वळ फुकटचा! गाडी जॅक स्टँडवरच (गाडी पेलणाऱ्या पक्क्या आधारांवर) हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. स्टीअरिंगचा दांडा (शाफ्ट) रॅकला जिथे जोडतो, तिथला बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण काढा. नवा रॅक टोकापासून टोकापर्यंत फिरवून बरोबर मध्यावर आणा, मगच जोडा. जुन्या रॅकवर दोन्ही टाय रॉड एंडमधलं (रॅक चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांमधलं) अंतर मोजून नव्यावर तेवढंच ठेवा. तेवढ्यावर गाडी व्हील अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवून देणाऱ्या) दुकानापर्यंत हळू नेता येते. अलाइनमेंट मात्र लगेच करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजतील.