व्हायटल्स (श्वास, नाडी, बीपी, तापमान, ऑक्सिजन) घेताना: आकडा कुठे चुकतो आणि काय सांगतो

वॉर्डातले चार्ट एकापाठोपाठ चाळले तर श्वसनाच्या रकान्यात बहुतेक वेळा १८ नाहीतर २० दिसतं. साधं बीपी मशीन हा आकडा दाखवत नाही आणि मोजायला पूर्ण मिनिट जातं, म्हणून तो अंदाजाने भरला जातो. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हलतो तोही हाच. म्हणून सुरुवात श्वासापासून.

श्वास मोजतोय हे पेशंटला सांगू नका. लक्ष गेलं की त्याची लय बदलते. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच राहू द्या आणि नजर छातीकडे वळवा. पांघरूण जाड असेल तर त्याचा हात पोटावर आडवा ठेवा, हात वरखाली होताना दिसतो. वर जाऊन खाली आला की एक. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते, तेव्हा पूर्ण ६० सेकंद मोजा. प्रौढ माणसात १२ ते २० ठीक. २५ किंवा वर, ८ किंवा खाली गेलं तर लगेच कळवायचं. मानेचे स्नायू ओढले जातायत का, एक वाक्य सलग बोलता येतंय का, तेही त्याच मिनिटात पाहून होतं.

नाडी तर्जनी आणि मधल्या बोटाने, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर. आपला अंगठा वापरायचा नाही, त्याची स्वतःची नाडी लागते. फार दाबलं तर पेशंटची नाडी बंद होते. ठोके नियमित असतील तर ३० सेकंद पुरतात. अनियमित असतील तर पूर्ण मिनिट, आणि मग छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोकेही मोजा. छातीवर ११० आणि मनगटावर ९० आले, तर २० ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीयेत. दोन्ही आकडे लिहा. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असलेल्या पेशंटची नाडी रक्तस्राव होऊनही फारशी वाढणार नाही, हे ध्यानात असू द्या.

बीपीत सगळ्यात जास्त चुका होतात, आणि बहुतेक चुका आकडा वाढवणाऱ्या. दंड जाड आणि कफ (दंडावर बांधायचा हवेचा पट्टा) लहान: आकडा जास्त. कफ सैल: जास्त. हात हृदयाच्या पातळीखाली लोंबतोय, पायावर पाय टाकलाय, लघवी तुंबलीय, पेशंट बोलतोय: सगळ्यांत जास्तच. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. तातडी नसेल तर पाच मिनिटं शांत बसू द्या, पाठीला आणि हाताला आधार द्या. कफ उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीच्या २ ते ३ सेंटिमीटर वर.

हाताने मोजताना आधी मनगटाची नाडी धरून हवा भरा. नाडी जिथे गायब होते तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा, थोडं थांबा, मग त्याच्यापेक्षा ३० जास्त भरून स्टेथोस्कोप लावा. ही पायरी सर्रास गाळली जाते. काही पेशंटमध्ये, विशेषतः बीपीच्या जुन्या पेशंटमध्ये, आवाज मध्येच बंद होऊन खाली पुन्हा सुरू होतो. कमी हवा भरली तर तो खालचा आवाजच वरचं बीपी समजला जातो. हवा सेकंदाला पाऱ्याचे २ ते ३ मिमी या वेगाने सोडा. पहिला ठोका वरचं, आवाज पूर्ण थांबतो ते खालचं. पुन्हा घ्यायचं तर मिनिटभर थांबून. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर कफ बांधायचाच नाही.

तापमान सोपं. तोंडातलं घ्यायचं तर गरम-गार पिऊन २० मिनिटं झालेली हवीत. काखेतलं तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियस कमी येतं, म्हणून आकड्याशेजारी जागा लिहा.

ऑक्सिमीटरवर आधी नाडीची लहर पाहा, मग टक्के. बोट गार असेल, नखाला पॉलिश असेल, त्याच हातावर कफ फुगत असेल तर आकडा खोटा असू शकतो. सर्वसाधारण ९५च्या वर हवं, पण सीओपीडीच्या (फुफ्फुसाचा जुनाट आजार) काही पेशंटसाठी डॉक्टर ८८ ते ९२ ठरवून देतात. तिथे ९८ पाहून खूश होऊ नका, ऑक्सिजन जास्त जातोय. धुरात सापडलेल्या माणसात कार्बन मोनॉक्साइडमुळे ९९ दिसू शकतं आणि तरी शरीराला ऑक्सिजन मिळत नसतो.

आता आकडे शेजारी ठेवून वाचा. ऑपरेशननंतर दुपारी २ वाजता नाडी ८४, बीपी १२६/८०, श्वसन १६. चार वाजता नाडी ११२, बीपी ११८/८६, श्वसन २४. बीपी पाहून कुणी घाबरणार नाही. पण वरच्या-खालच्यातलं अंतर ४६ वरून ३२ झालंय, नाडी चढलीय, श्वास वाढलाय. आत रक्तस्राव होत असेल तर चित्र असंच दिसतं, बीपी बऱ्याचदा शेवटी पडतं. ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) आणि ड्रेसिंग बघा, हातपाय गार आहेत का, लघवी किती झाली ते बघा. डॉक्टरांना फोनवर "पेशंट जरा बरा वाटत नाही" असं न सांगता दोन्ही वेळचे आकडे सांगा, आणि ते येईपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा घ्या.