हजारो व्हेरियंटमधून आजाराचं जीन कसं शोधायचं

एका माणसाच्या एक्झोमची (डीएनएमधला प्रोटीन बनवण्याची माहिती असलेला भाग) व्हीसीएफ फाइल, म्हणजे त्यात सापडलेल्या बदलांची यादी, उघडली की २० हजारांच्या वर व्हेरियंट (संदर्भ डीएनएपेक्षा वेगळे बदल) दिसतात आणि डोकं गरगरतं, पण घाबरू नका, नुसती चाळण लावत जायची.

आधी क्वालिटी (बदल खरा असल्याची किती खात्री) बघून कचरा काढा. मग नोमॅडमधली (gnomAD, खूप लोकांच्या डीएनएतल्या बदलांचा डेटाबेस) फ्रिक्वेन्सी बघा, आजार दुर्मिळ असेल तर १ टक्क्याहून जास्त लोकांत सापडणारा बदल बहुतेक वेळा कामाचा नसतो, इथेच ढीग एकदम खाली येतो.

आता खरी मजा, म्हणजे आईबाबांचा डेटा. दोघंही निरोगी आणि मूल आजारी असेल तर एकाच जीनमध्ये एक बदल आईकडून नि दुसरा बाबांकडून आलाय का बघा, नाहीतर दोघांतही नसलेला, मुलात नव्यानेच झालेला बदल शोधा, असे एक्झोममध्ये साधारण एक-दोनच निघतात. मुलगा असेल तर एक्स क्रोमोझोम विसरू नका, त्याच्याकडे तो एकच असतो, म्हणून आईकडून आलेला एक बदलही पुरतो (मी विसरलोय, दोन दिवस गेले).

उरलेल्यांना कॅडचा (CADD, बदल किती घातक असेल ते सांगणारं टूल) स्कोअर लावा, पण तो नुसता अंदाज, पुरावा नाही हं. पेशंटची लक्षणं एचपीओ कोडमध्ये (HPO, लक्षणांची ठरलेली कोड-यादी) टाकून एक्झोमायझर (लक्षणं नि बदल जुळवणारं सॉफ्टवेअर) चालवला की यादीला क्रम लागतो. टायटिन (स्नायूंच्या एका प्रोटीनचं जीन) वर आलं तर लगेच नाचू नका, ते जीनच एवढं अवाढव्य आहे की त्यात काही ना काही सापडतंच.