स्वतःच्या कंपनीनंतर पुन्हा सॉफ्टवेअरच्या नोकरीत येताना

स्वतःची कंपनी चालवल्यानंतर नोकरीकडे वळणाऱ्याने अर्ज पाठवण्याआधी एक गोष्ट ठरवावी: आपल्याला कोड लिहायचा आहे, टीम सांभाळायची आहे, की प्रॉडक्टची दिशा ठरवायची आहे. छोट्या कंपनीत ही तिन्ही कामे बहुधा एकाच माणसाकडे असतात. भरती करणारा मात्र एका ठरावीक जागेसाठी माणूस शोधत असतो, आणि रेझ्युमेवर नुसते ‘संस्थापक’ असे लिहिलेले असेल तर तो माणूस त्या जागेवर कसा बसेल, हे त्याला कळत नाही. म्हणून हुद्द्याखाली प्रत्यक्ष काम लिहावे: कोणती प्रणाली उभारली, डेटाबेस कोणता निवडला आणि का, वापरकर्ते वाढल्यावर काय बदलावे लागले. निधी आणि विक्री यांना एखादी ओळ पुरते.

मुलाखतीतले डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवण्याच्या रचना) आणि अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या ठरावीक पद्धती) यांचे प्रश्न कंपनी चालवताना क्वचितच समोर येतात, त्यामुळे सराव नसेल तर अनुभवी माणूसही त्या फेरीत अडतो. सिस्टिम डिझाइनच्या, म्हणजे संपूर्ण प्रणालीची आखणी करण्याच्या, फेरीत मात्र, खर्च आणि वेग यांची सांगड स्वतः घातलेली असल्याने, संस्थापकाची बाजू भक्कम असते.

‘पुन्हा स्वतःचे काही सुरू करणार का?’ आणि ‘दुसऱ्याचे निर्णय मान्य होतील का?’ या शंका मुलाखतकाराच्या मनात असतातच, मग तो त्या बोलून दाखवो वा न दाखवो. कंपनी का थांबवली हे दोन-तीन वाक्यांत खरे सांगावे. भागीदारांवर किंवा ग्राहकांवर दोष ढकलू नये.

सर्वांत जास्त काळजी कराराच्या वेळी घ्यावी, कारण इथली चूक पुढे निस्तरणे फार कठीण जाते. नोकरीच्या करारात बौद्धिक संपदेचे, म्हणजे केलेल्या कामाची मालकी कोणाची हे ठरवणारे, कलम बहुतेक असतेच. आपला जुना कोड, डोमेन आणि पेटंट यांची यादी सही करण्यापूर्वीच जोडून ‘हे आधीचे आहे’ असे लेखी मान्य करून घ्यावे. जुन्या कंपनीत संचालकपद किंवा भागभांडवल उरले असेल, एखाद्या ग्राहकाला तांत्रिक मदत देणे चालू असेल, तर तेही आधीच कळवावे. पूर्वीच्या पगाराच्या पावत्या नसतील, तर करविवरण आणि कंपनीची नोंदणीपत्रे तयार ठेवावीत.

रुजू झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे जुना कोड आणि त्यामागची कारणे समजून घेण्यात घालवावेत, आणि मोठा बदल सुचवायचा असल्यास तो आधी लिहून टीमसमोर चर्चेला ठेवावा.