मांजराला मधुमेह झालाय : इन्सुलिन सुरू करायचं की नाही, कसं ठरवाल?

आमच्या बोक्याचं दुखणं आधी मुंग्यांनी ओळखलं. सकाळी त्याच्या वाळूच्या ट्रेभोवती ही रांग! लिंबाएवढे असायचे ते लघवीचे गोळे संत्र्याएवढे झाले होते. दोन्ही वेळा चापून जेवायचा, तरी पाठीचा कणा हाताला लागत होता.

असं काही दिसलं तर आधी ठरवा की घाई कितपत आहे. मांजर खात नसेल, उलट्या करत असेल, मलूल पडून असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्तात कीटोन (साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढलेले असू शकतात, आणि तिथे उद्यापर्यंत थांबायची सोय नसते.

मांजर खातंपितं असेल तर दवाखान्यात आलेला रक्तातल्या साखरेचा आकडा खरा आहे का ते तपासा. पिशवीत कोंबलेलं, रिक्षात हेलकावे खाल्लेलं, शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकत बसलेलं मांजर! नुसत्या भीतीने त्याची साखर 300 च्या वर जाऊ शकते. म्हणून त्या एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करू नका. डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन या रक्ततपासणीबद्दल विचारा. मागच्या एक-दोन आठवड्यांत साखर साधारण कशी होती ते त्यातून कळतं. तपासणीसाठी लघवी घरूनच न्या. ट्रेमध्ये वाळूऐवजी मत्स्यालयातली धुतलेली, कोरडी खडी घाला आणि खाली साचलेली लघवी बिनसुईच्या सिरिंजने ओढून घ्या. खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइड दिलं असेल तर तेही सांगा. त्यानेही साखर चढते. मात्र ते आपल्या मनाने बंद करू नका.

मधुमेह पक्का झाला, तर माझं मत स्पष्ट आहे : ‘महिनाभर पथ्य करून बघू’ म्हणत बसू नका. लवकर इन्सुलिन आणि कमी पिठूळ, जास्त प्रथिनांचं ओलं खाणं मिळालं तर काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतं. उशीर केला की ही शक्यता कमी होते. दूध-पोळी बंदच. पण इन्सुलिन चालू असताना खाणं डॉक्टरांना न विचारता बदलू नका, साखर एकदम खाली येईल.

गोळीचा पर्यायही आहे. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनला मांजरांसाठी मंजुरी मिळाली. ती आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी नाही, म्हणून हा विषय पहिल्या इंजेक्शनच्या आधीच काढा. आजोबांच्या डब्यातली गोळी मात्र नको.

आता घराकडे बघा. दर बारा तासांनी सुई कोण देणार? गणपतीला गावी गेलात तर? मांजर खूप म्हातारं असेल, मूत्रपिंडंही गेली असतील, किंवा खर्च झेपणारा नसेल, तर तसं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्यात लाज कसली?

सुरू करायचं ठरलं की सिरिंज नीट बघून घ्या. आपल्याकडे 40 युनिटच्या (म्हणजे एका मिलिलीटरमध्ये 40 युनिट असलेल्या) इन्सुलिनची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. बहुतेक मांजरांची सुरुवात एका वेळी 1 युनिटच्या आसपास होते, म्हणजे चुकीला जागा किती कमी ते बघा. नेमका डोस डॉक्टरच ठरवतील.

मांजर जेवलं नसेल तर सुई देण्याआधी फोन करा. झोकांड्या, शून्य नजर, झटके दिसले तर हिरड्यांना मध चोळा आणि तसंच घेऊन निघा. घशात काही ओतू नका.

सुईची भीती आपल्यालाच जास्त असते. आमचा बोका ताटलीत तोंड घालून बसला की मी पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरते आणि सुई देते. तो मान वर करतो ते ताटली रिकामी झाल्यावरच.