पुलर ऑपरेटर व्हायचंय? आधी काटा वाचायला शिका

आयटीआयला डिझेल मेकॅनिक करून मी ट्रान्समिशन लाइनच्या कामावर लागलो. गावात बातमी पसरली की पोरगा वीज मंडळात चिकटला. खरं तर मी एका ठेकेदाराच्या स्ट्रिंगिंग गँगमध्ये, म्हणजे टॉवरांवर तारा ओढणाऱ्या टोळीत, हेल्पर होतो. ट्रेलरवर बसवलेल्या हायड्रॉलिक पुलरला डिझेल भरायचं, ग्रीस मारायचं, मशिन पुसून ठेवायचं, एवढंच काम. आज तशाच मशिनवर मी ऑपरेटर आहे. दर हंगामात दोन-तीन नवी पोरं येतात आणि जेवायला बसलं की तेच प्रश्न विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी काम काय ते समजून घ्या. ४०० केव्हीच्या लाइनला एकेका फेजला बहुतेक वेळा मूस जातीच्या दोन तारा असतात. एक तार जवळजवळ ३२ मिलिमीटर जाड, वजन मीटरला २ किलो. म्हणजे किलोमीटरभर जोडी ओढायची तर ४ टन माल झाला. ही तार जमिनीवरून फरफटत नेता येत नाही. ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात, पुढे लाइन चालू झाल्यावर तिथेच कोरोनाचा, म्हणजे तारेभोवतीच्या हवेत वीज झिरपून तडतडण्याचा, त्रास होतो, आणि शेतकऱ्याचं पीक जातं ते वेगळंच. म्हणून एका टोकाला टेन्शनर तार धरून ठेवतो, दुसऱ्या टोकाला पुलर ओढतो आणि तार टॉवरला टांगलेल्या रोलरांवरून हवेतच पुढे सरकते. मध्ये असतो पायलट दोर. पीळ न घेणारा, विणलेला स्टीलचा दोर. दोर आणि तारा यांच्यामध्ये हेडबोर्ड, म्हणजे एका दोराला दोन्ही तारा जोडणारी पट्टी, आणि स्विव्हल, म्हणजे पीळ पुढे जाऊ न देणारा फिरता जोड.

सपाट मुलखात एक सेक्शन, म्हणजे एका वेळी ओढायचा टप्पा, ५ किलोमीटरपर्यंत असू शकतो. पुलरवर बसलेल्या माणसाला दिसतो फक्त समोरचा पहिला टॉवर. आपण जे ओढतोय ते आपल्याला दिसतच नाही, ही या कामाची खरी अडचण. तुमच्याजवळ दोनच डोळे, एक ओढ दाखवणारा काटा आणि दुसरा वॉकीटॉकी.

माझ्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. डोंगराळ भाग, दुपार कलली होती. मशिनवर काका होते, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते. मी शेजारी उभा राहून काटा वाचत होतो. साडेतीन टनावर काटा स्थिर. हेडबोर्ड एखाद्या रोलरमध्ये शिरला की काटा जरा वर जायचा आणि पलीकडे उतरला की परत जागेवर यायचा. सात टॉवर असेच गेले. आठव्याला काटा चढला तो उतरेना. पावणेचार, चार, सव्वाचार. साडेचार टनांवर लावलेली मर्यादा आली आणि मशिनने ओढणं आपोआप थांबवलं. लगेच वॉकीटॉकीच्या सेटवर आवाज, “थोडं सेटिंग वाढव रे, अंधार पडतोय, आजच काढून टाकू.” काकांनी मर्यादेच्या नॉबवर हात झाकला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, माणूस पाठवून आधी बघून घेऊ.”

माणूस गेला. आठव्या टॉवरवर हेडबोर्ड आडवा होऊन रोलरच्या कडेला अडकला होता. रोलर जिला टांगलेला असतो ती इन्सुलेटरची माळ आमच्या बाजूला तिरकी ओढली गेली होती. त्याच क्रॉसआर्मवर, म्हणजे टॉवरच्या आडव्या हातावर, बंगालमधल्या मालद्याचा एक मुलगा बसलेला. तो केव्हापासून ओरडत होता, पण त्याच्या सेटची बॅटरी संपली होती. अजून अर्धा टन ओढलं असतं तर माळ तुटली असती किंवा क्रॉसआर्म वाकला असता, आणि तो मुलगा त्यावरच होता. खाली उतरल्यावर तो काकांचा हात धरून बराच वेळ नुसता उभा राहिला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. काटा वाचणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

म्हणून पहिलं सांगणं हेच. ओढीची मर्यादा काम सुरू होण्याआधी ठरते, काम चालू असताना नाही. इंजिनिअर हिशेब करतो. टेन्शनर प्रत्येक तारेला किती धरणार, रोलर किती, चढ-उतार किती, कोनाचे टॉवर किती. दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या एक-तृतीयांशावर आम्ही कधी जात नाही. तो आकडा तुम्ही स्वतः वहीत लिहून घ्या आणि मशिनवर लावा. मशिन थांबलं की कुठेतरी काहीतरी अडलंय असंच धरून चालायचं.

सेटवरचे नियम थोडे आहेत, पण पक्के. सकाळी प्रत्येक सेटची बॅटरी तपासायची. हेडबोर्ड पुढे गेला की त्या-त्या टॉवरवरच्या माणसाने नंबर सांगायचा. “ओढ” म्हणायचा अधिकार एकालाच, “थांब” म्हणायचा सगळ्यांना, अगदी स्वयंपाकाच्या पोऱ्यालासुद्धा. आणि समोरून उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थही “थांब” असाच घ्यायचा.

आता मशिन उभं करण्याबद्दल. पहिल्या टॉवरच्या अगदी पायाशी मशिन लावलं की दोर उभा खाली उतरतो आणि क्रॉसआर्मवर नको तेवढा भार येतो. आमचा अंदाज असा, की रोलर जमिनीपासून ३० मीटर उंच असेल तर मशिन किमान ९० मीटर लांब, आणि लाइनच्या सरळ रेषेत. काळ्या मातीत जॅक नुसते टेकवू नका. खाली लाकडी स्लीपर घाला, नाहीतर दुपारपर्यंत एक बाजू रुतते. ओढ लागली की मशिन टॉवरकडे सरकू बघतं, म्हणून मागे जमिनीत गाडलेल्या अँकरला ते बांधलेलं हवं. पाऊस पडून गेला असेल तर अँकर पुन्हा बघा, आदल्या दिवशी पक्का होता म्हणून सोडून देऊ नका.

अर्थिंगकडे नवी पोरं हमखास दुर्लक्ष करतात. “लाइन नवी आहे, करंट कुठून येणार?” असं विचारतात. शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल तर तिच्यामुळे आपल्या तारेत आणि दोरात व्होल्टेज उतरतं. शिवाय वळवाच्या दिवसांत वीज पाच किलोमीटरवर पडली तरी ती तारेवरून तुमच्यापर्यंत येऊ शकते. मशिनला अर्थिंग, सरकत्या दोराला टेकून राहणारं फिरतं अर्थिंग, उभं राहायला मशिनच्याच अर्थिंगला जोडलेली धातूची जाळी. एक पाय मशिनवर आणि एक जमिनीवर अशा अवस्थेत कधीच थांबायचं नाही. ढग गडगडायला लागले की काम बंद. यावर कोणाशी वाद घालत बसू नका.

मशिनच्या पोटात काय चालतं तेही माहीत हवं. डिझेल इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेलाच्या दाबाने मोटर फिरते आणि मोटर दोन बुलव्हील फिरवते. दोर या दोन चाकांच्या खाचांतून अनेक वेढे घेतो आणि सगळी पकड घर्षणाची असते. म्हणून खाचांना ग्रीस लागू द्यायचं नाही. आणि मागच्या रीळवर दोर सैल पडू द्यायचा नाही, तो सैल पडला की बुलव्हीलवरची पकडही सुटते. दोराचे तुकडे जोडणारा कनेक्टर बुलव्हीलवरून जाऊ शकतो, स्विव्हल नाही. स्विव्हल जवळ आला की थांबायचं.

ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो, त्यामुळे इंजिन बंद पडलं तरी भार धरून राहतो. तरीही मी रोज सकाळी तो तपासतो. थोडी ओढ घेतो, लिव्हर मधोमध आणतो, दोरावर खडूने रेघ मारतो आणि पाच मिनिटं त्या रेघेकडे बघत बसतो. रेघ केसभर जरी सरकली तरी त्या दिवशी ओढायचं नाही, आधी मेकॅनिकला बोलवायचं.

तेलाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. टाकीच्या काचेत तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. फेस आला आणि पंप कुरकुरायला लागला तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. भरताना झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा आणि फिल्टर लावलेल्या पंपानेच तेल भरा. उघड्या बादलीतून, कापडातून गाळून भरलेलं तेल मी पाहिलंय आणि त्यानंतर महिनाभर बंद पडलेलं मशिनही पाहिलंय. तेल आणि फिल्टर किती तासांनी बदलायचे ते मॅन्युअलमध्ये असतं. तासांचा मीटर रोज वहीत उतरवा. कूलरच्या जाळीत गवताचा भुसा अडकतो, तो आतून बाहेर हवा मारून काढा. एप्रिल-मेमध्ये विदर्भात तेल तापण्याचं कारण निम्म्या वेळा तेच असतं.

आणि पाइपाची गळती हाताने शोधू नका. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, या पाइपांत दोनशे बार आणि त्याच्याही वर दाब असतो. माझ्या बरोबरीच्या एका हेल्परने ओलसर पाइपावर बोट फिरवलं. सुई टोचल्यासारखं झालं, बारीक ठिपका उमटला, त्याने बोट पँटला पुसलं आणि काम चालू ठेवलं. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. तेल कातडीखाली दाबाने आत गेलं होतं. शहरात नेऊन हात उघडावा लागला आणि बोटाचं एक पेर गेलं. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळ धरा, आणि जोड आवळायचा तर आधी इंजिन बंद करून दाब उतरवा. असा ठिपका कधी दिसलाच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की तेल दाबाने आत गेलंय.

दोर रीळवर येताना रोज नजरेखालून घाला. तुटलेले तंतू, चपटा झालेला भाग, गंज, टोकाच्या फासाजवळची झीज. खराब तुकडा बाजूला काढा आणि त्याला लाल रंग मारा, नाहीतर दुसऱ्या गँगचं कोणीतरी तोच उचलून लावतं. ओढ चालू असताना दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. कोनाच्या टॉवरपाशी तर आतल्या बाजूला अजिबात नाही, दोर निसटला तर तो तिकडेच येतो. गळ्यात गमछा, सैल बाह्या, ढगळ हातमोजे घालून फिरत्या रीळजवळ जाऊ नका. उन्हासाठी गमछा हवा हे मलाही कळतं, तो डोक्याला घट्ट बांधा.

ट्रेलर हलवताना टो-पिन, तिची चाप, सेफ्टी चेन, चाकांचे नट आणि मागचे दिवे बघा. ट्रेलरवर माणूस बसवू नका.

दिवस संपताना भार मशिनवर ठेवून झोपायला जायचं नाही. दोर क्लॅम्पने धरून अँकरला बांधायचा, मग ओढ हळूहळू सोडायची आणि सगळा भार अँकरवर गेला हे काट्यावर बघायचं. काटा शून्यावर आला की इंजिन बंद. रात्रीच्या राखणदाराला कुठला दोर ताणलेला आहे ते हात लावून नाही, टॉर्च मारून दाखवायचं. मग वहीत तास लिहायचे, उद्याची मर्यादा इंजिनिअरला विचारून त्याच पानावर खाली उतरवायची आणि सगळे सेट चार्जिंगला लावायचे.